सुई टोचली, पण नोंद झाली नाही

कावीळ उतरून आता बरीच वर्षं झाली. जेवण नीट आहे, झोप नीट आहे, ड्युटी करते. तरी नव्या मुली कामावर लागल्या की एकेकीला बाजूला घेऊन मी हे सांगते, आणि दर वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं. म्हणून एकदाचं लिहून काढते आहे. आजाराची शास्त्रीय माहिती पुस्तकात मिळेल. ती माझ्याकडून नको.

मी मूळची कोडोलीची. आमच्या बौद्धवाड्यातली नर्सिंग शिकलेली मी पहिली मुलगी. लग्न होऊन कळंब्याला आले. नवरा, विलास, शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर, वाळूचे साचे भरायचा. सासूबाई आमच्याजवळच असायच्या, त्यांना मी आत्ती म्हणते. माझा दीर शेजारच्याच गल्लीत राहायचा. मुलगी प्राची तेव्हा नुकती भिंत धरून उभी राहायला लागली होती आणि अजून अंगावर पीत होती. मी शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. तिथं घडलं ते त्या काळात कुठंही घडलं असतं.

त्या दुपारी

उसाचा हंगाम जोरात होता. शिरोळकडचा एक शेतकरी ट्रॉलीखाली सापडला, त्याला जीपमधून आणलं. मांडीचं हाड मोडलेलं. वेदनेनं माणूस भानावर नव्हता. शोभा सिस्टरनं त्याचा हात दाबून धरला आणि मी सलाईनसाठी सुई घातली. शीर सापडली, रक्त आलं, आणि तेवढ्यात त्यानं सगळ्या ताकदीनिशी हात ओढून घेतला. सुई निसटली ती माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याखाली घुसली. हातमोज्यातून आरपार.

मी हात साबणानं धुतला, अंगठा वाहत्या पाण्याखाली धरला, नवा हातमोजा घातला आणि त्याच्या दुसऱ्या हातावर शीर शोधली. स्वयंपाकात चटका बसतो तशी नर्सला सुई टोचते, असंच आम्ही सगळ्या धरून चालायचो.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या आधीचे त्याचे रिपोर्ट आले. फाईल माझ्याच हातात होती. एचआयव्ही नव्हता. खाली ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह’ असं लिहिलं होतं. म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, ‘ब’ प्रकारची. तिची लस मी घेतलेली नव्हती. आमच्यातल्या कुणीच घेतलेली नव्हती.

मेट्रनबाई मला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगते. किती गरिबांची हाडं त्यांनी फुकट जोडली आहेत ते मी पाहिलं आहे. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, “एचआयव्ही निगेटिव्ह आहे ना? मग सुटलीस तू.”

मी विचारलं की यावर लगेच घ्यायचं एक इंजेक्शन असतं ते मिळेल का, आणि माझं आजचं रक्त तपासून ठेवायचं का. इंजेक्शन पुण्याहून मागवावं लागतं, बघू, असं ते म्हणाले.

“सर, निदान कुठंतरी लिहून ठेवूया का? कधी टोचली, कुणाची टोचली...”

“लिहून काय करणार? उद्या गावभर होईल की या हॉस्पिटलात रोग लागतो. तुझंही नाव खराब होईल. काही होत नाही, जा.”

मी अंगावर पाजते, हे सांगायला तोंड उघडलं तेव्हा ते उठून ऑपरेशनला निघाले होते. बाहेर व्हरांड्यात मेट्रनबाई म्हणाल्या की नोकरी नवी आहे, डोक्यातून काढून टाक. इंजेक्शन पुण्याहून कधीच आलं नाही. माझं रक्तही कुणी तपासलं नाही.

वाट बघणं

संध्याकाळी विलासला सांगितलं. त्यानं माझा हात उलटासुलटा करून बघितला. टोचल्याची खूणसुद्धा दिसत नव्हती. “आमच्या फौंड्रीत बोटाला चटका बसला तरी अपघाताच्या बुकात नाव पडतंय,” तो म्हणाला. “तुमच्यात न्हाय व्हय?”

प्राचीला मी त्या दिवसापासून अंगावरचं तोडलं. तोडायला हवंच होतं की नाही हे मला खात्रीनं सांगणारं कुणी नव्हतं. शिकलेली नर्स असून मी नुसत्या अंदाजानं ठरवलं. पोर माझा पदर ओढून रडायची आणि मी तिला आत्तींकडं देऊन मोरीत जाऊन उभी राहायची. आत्तींना खरं कारण सांगितलं नव्हतं. त्या म्हणायच्या, असली कसली आई, दूध असून पोराला तोडतीया.

नेलकटर वेगळं ठेवलं. भाजी चिरताना बोट कापलं की विळी उकळत्या पाण्यात टाकायची. नवरा-बायको म्हणून जवळ येणंही आम्ही बंद केलं, आणि त्याबद्दल दोघंही बोलत नव्हतो. दोन महिने काही झालं नाही. मला वाटायला लागलं, टळलं.

डोळे

उन्हाळा लागला होता. एका सकाळी आत्तींनी फोडणी टाकली आणि त्या वासानं मी उठून बाहेर पळाले. अंग मोडून आल्यासारखं झालं होतं, सांधे दुखत होते, पाण्याचा घोटसुद्धा नको वाटत होता. आत्ती हसून म्हणाल्या की पुन्हा पाळणा हलणार दिसतोय. मला मात्र लघवीचा गडद पिवळा रंग सकाळीच दिसला होता.

विलास नळावर तोंड धूत होता. मी जवळ गेले तसा त्यानं माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडं फिरवलं, आणि तसाच धरून राहिला.

“काय?” मी विचारलं.

“डोळं,” तो म्हणाला.

त्याच दिवशी रक्त दिलं. पॉझिटिव्ह. लॅबमधल्या ओळखीच्या माणसानं कागद उलटा करून माझ्याकडं सरकवला.

मी मोठ्या डॉक्टरांना जाऊन भेटले. ते खरंच हादरले, मला बसायला सांगितलं. पण बोलले ते वेगळंच. “पंचगंगेचं पाणी पिऊन निम्म्या गावाला कावीळ झालीय. तुला इथूनच लागली हे कशावरून?” पाण्यातून येणारी कावीळ वेगळी आणि ही वेगळी, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मला उभं राहवत नव्हतं. मी घरी आले.

वॉर्डात, पण खाटेवर

विलासनं मला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. आजवर मी खाटेच्या ह्या बाजूला उभी असायची. आता पहाटे कुणीतरी दंडाला रबर बांधायचं आणि मी तोंड फिरवून घ्यायची. इतक्या लोकांना सुया टोचल्या, पण सुईकडं बघायची मला भीती वाटायला लागली.

तिथल्या डॉक्टर मॅडम हळू बोलायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं की सुई कधी टोचली, पेशंटचं रक्त कुठल्या काविळीचं होतं, टोचली त्या दिवशी माझं रक्त तपासलं होतं का, आणि हे कुठं लिहिलेलं आहे का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी दिली. पुढच्या दोन्हींना नाही म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे तुझ्या शब्दाशिवाय आपल्याकडं काही नाही,” त्या म्हणाल्या. त्यांचा माझ्यावर अविश्वास नव्हता, तरी ते वाक्य मला टोचलं.

आजार उतरायच्या आधी चढला. रक्त गोठायला वेळ लागत होता. दात घासले की हिरड्यांतून रक्त यायचं. मॅडम रोज येऊन मला दोन्ही हात पुढं ताठ धरायला लावायच्या आणि विचारायच्या, “झोप जास्त येते का? दिवसासुद्धा?” त्या का विचारतात हे मला कळत होतं. यकृत बंद पडायला लागलं की ताठ धरलेले हात फडफडतात, माणूस आधी झोपाळतो, मग बरळतो. म्हणून मी डोळे ताणून पडून राहायची. डुलकी लागली की दचकून जागी व्हायची आणि स्वतःशी पाढे म्हणायची, सत्तावीसचा, एकोणतीसचा. चुकला की घाम फुटायचा.

कोडोलीहून माझी आई आली. तिनं कुणालाही काही विचारलं नाही. मऊ भात भरवायची, उलटी झाली की भांडं धरायची, पुन्हा भरवायची. वॉर्डातली आयाबाई अंग पुसताना पाठीवर जरा जास्त वेळ हात फिरवायची. सगळ्या अंगाला खाज असायची त्या दिवसांत. तो हात मी विसरणार नाही.

घरचे

विलासचं रक्त तपासलं, प्राचीचंही. निगेटिव्ह आलं. मी आनंदानं रडले. विलासचा कागद घरी गेला आणि भलतंच झालं.

ही कावीळ नवरा-बायकोच्या संबंधातूनही पसरते, हे कुणीतरी माझ्या दिराला सांगितलं होतं. तो भेटायला आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहून, मला ऐकू येईल असं विलासला म्हणाला, “तुला न्हाय, मग हिला कुठनं आली?”

आत्ती तिथंच होत्या. त्या खाली बघत राहिल्या. माझ्या आईच्या हातातली वाटी तशीच राहिली.

विलासनं भावाला हाताला धरून बाहेर नेलं. बाहेर काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी फौंड्रीत खाडा करून तो माझ्या हॉस्पिटलात गेला. मोठ्या डॉक्टरांना म्हणाला, माझ्या बायकोला इथं सुई टोचली एवढं एका कागदावर लिहून द्या, बाकी काही मागत नाही. डॉक्टर म्हणाले, “आमच्याकडं तशी काही नोंद नाही.”

हे त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याच्या कानात, भुवयांत फौंड्रीची काळी वाळू नव्हती. तेवढ्यानंच तो मला परका वाटला. “माझा इश्वास हाय,” तो म्हणाला. “पर म्या किती जणांस्नी सांगत फिरू?”

त्या रुग्णाचा जीव वाचवताना मला हे लागलं होतं, आणि आता मला माझ्या चारित्र्याचा पुरावा शोधावा लागत होता. त्या कागदावाचून मी कोण होते, हे ठरवायला जो तो मोकळा होता.

शोभा

शोभा सिस्टर मला भेटायला आली ती बिचकतच. तिला नवरा नव्हता, दोन मुलं तिच्या एकटीच्या पगारावर. मी तिला काहीच मागितलं नाही. मागायची माझी हिंमत नव्हती. तिनं माझे डोळे पाहिले, फुगलेलं पोट पाहिलं, आणि निघून गेली.

पुढचं मला नंतर कळलं. डॉक्टर मॅडमनी मोठ्या डॉक्टरांना फोन करून सरळ विचारलं होतं की तुमच्या इतर स्टाफला लस दिली आहे का. ते त्या विचारात असतानाच शोभा त्यांच्या खोलीत गेली. म्हणाली, “सर, त्या पेशंटचा हात मी धरलेला. माझ्या हातातनं सुटला. सुई टोचली ती मी डोळ्यानं बघितलीय. लिहा, न्हायतर मी लिहिते.”

डॉक्टरांनी लिहायला सांगितलं. त्याच आठवड्यात स्टाफला लस सुरू झाली. कुणाला सुई टोचली की लिहायचं म्हणून एक नवं रजिस्टर आलं आणि त्यात पहिलं नाव माझं पडलं. विलास त्याची नक्कल घेऊन आला आणि आधी दिराच्या घरी गेला. दीर पुन्हा तसं बोलला नाही. माफीही मागितली नाही. आत्ती मात्र दवाखान्यात आल्या आणि नुसत्या माझे पाय चेपत बसल्या.

त्याच सुमाराला माझी भूक परत आली. एका दुपारी मी आईला भाकरी मागितली. मॅडम आल्या, हात पुढं धरायला लावले, आणि पहिल्यांदा झोपेबद्दल काही विचारलं नाही. म्हणाल्या, “उतरतंय.”

मला वाटलं, संपलं.

दारात आलेली बाई

घरी येऊन थोडे दिवस झाले होते. अजून दोन पावलं चाललं की धाप लागायची. दुपारी दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीची, उन्हातून चालत आल्यानं लाल झालेली.

“कांबळे सिस्टर तुम्हीच न्हवं? म्या शिरोळहून आलोय. ट्रॉलीखाली गावल्यालं त्ये माझं मालक.”

तिचं नाव मालन. हॉस्पिटलातून माझा पत्ता काढून आली होती. पाणी दिलं तर घेतलं नाही. उभ्यानंच बोलली. ते रजिस्टर आमच्या हॉस्पिटलात नर्सच्या टेबलावर उघडं पडलेलं असायचं. त्यात माझ्या नावापुढं तिच्या नवऱ्याचं नाव, गाव आणि रिपोर्ट, सगळं लिहिलेलं. तिच्या गावाकडचा कुणी दुसऱ्या एका पेशंटला बघायला आला होता, त्यानं वाचलं. गावात जाईपर्यंत काविळीचं एड्स झालं. तिच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं.

“तुमी ल्हिवलंसा म्हणं आमचं नाव,” ती म्हणाली. “तुमाला काय मिळालं त्यात?”

मला राग आला. तुमच्या माणसामुळं मी मरता मरता वाचले, हे ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिनं माझ्या डोळ्यांकडं नीट बघितलं. पिवळेपणा अजून गेला नव्हता. ती हळूहळू उंबऱ्यावर बसली.

“तुमाला लागलंय व्हय?” तिनं विचारलं.

मी तिच्याशेजारी बसले. नोंद का हवी होती ते तिला सांगितलं, दिराचं बोलणंसुद्धा सांगितलं. ती ऐकत राहिली. मग मी विचारलं की घरात कुणी रक्त तपासलं का, लस घेतली का. तिला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. सगळ्या गावाला तिच्या नवऱ्याचा रिपोर्ट माहीत होता. पण त्यानं करायचं काय, हे तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षानं हॉस्पिटलात गेले. टेबलावरचं रजिस्टर उचललं आणि मोठ्या डॉक्टरांच्या समोर नेऊन ठेवलं. सांगितलं की लिहायचं बंद करायचं नाही. पण एकेकीचा कागद वेगळा, पेशंटच्या नावाऐवजी नुसता केस नंबर, आणि कपाट कुलूपबंद. जिचा कागद आहे तिला तो मागितला की मिळाला पाहिजे. ज्याच्या रक्तात दोष निघाला, त्याला आणि त्याच्या घरच्यांना बसवून सांगितलं पाहिजे.

डॉक्टरांनी माझं नाव असलेलं पान उघडून वाचलं. मग म्हणाले, “मी घाबरलो होतो, रेखा. आधी न लिहिण्याइतका. मग वाटलं, लिहिलं की झालं.”

त्यांनी माझ्यासमोर कपाटाची किल्ली मेट्रनबाईंकडं दिली. एवढं होऊनही मालनच्या मुलाची मोडलेली सोयरीक पुन्हा जुळली नाही. हे इथं लिहिलं पाहिजे.

बाकावर

पावसाळा सरत आला तेव्हा माझा शेवटचा रिपोर्ट आला. विषाणू गेला होता, शरीरानं त्याच्याशी लढायची ताकद तयार केली होती. मोठ्या माणसांत बहुतेकांचं असंच होतं, असं मॅडम म्हणाल्या. मालनच्या नवऱ्याचं तसं झालं नव्हतं. तो आजार त्याच्यात मुक्कामालाच होता. त्याला कायम तपासण्या करत राहावं लागणार होतं.

त्याच दिवशी दोन्ही घरच्यांना लस मिळणार होती. दवाखान्याच्या बाकावर विलास, त्याच्या मांडीवर प्राची, शेजारी मालन आणि तिचा तो मुलगा. मालनचं आणि मुलाचं, दोघांचंही रक्त स्वच्छ निघालं होतं. मुलगा कुणाशी बोलत नव्हता. प्राचीनं हात पुढं करून त्याच्या शर्टाचं बटण धरलं, आणि त्यानं ते सोडवून घेतलं नाही.

मालनची पाळी आली. तिनं बाही वर सारली, टोचताना डोळे मिटले, पण आवाज काढला नाही. सिस्टरनं लस दिल्याचा कागद लिहिला, त्यावर तिचं नाव घातलं. मालन तो हातात घेऊन माझ्याकडं वळली.

“ह्यो आता कुणाकडं ऱ्हाणार?” तिनं विचारलं.

“तुमच्याकडंच,” मी म्हणाले.

“दुसरं कोण वाचणार न्हाय?”

“तुम्ही दाखवलासा तर.”

तिनं कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि पोलक्यात आत खोचून ठेवला.